सुरमईच्या ट्रोलिंगसाठी होडीवर काय काय बसवावं?

दर्यावेडा_पुणे
नमस्कार मंडळी. सहा वर्षं नुसता वाचक होतो, आज पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

चुलतभावाची देवगडला २४ फुटी फायबरची होडी आहे. मागे आउटबोर्ड इंजिन, पुढे छोटं छप्पर. तो वर्षभर जाळं मारतो, मधूनमधून गरवायला (गळ टाकायला) जातो. मी पुण्यात असतो, सुट्ट्या साठवून त्याच्याबरोबर जातो. सुरमई आणि कुप्यासाठी (ट्यूनासाठी) होडी चालती ठेवून मागे गळ ओढत न्यायचे, म्हणजे ट्रोलिंग, हे आजवर आम्ही हातात तंगूस (गळाची नायलॉन दोरी) धरूनच केलं. बोटं कापून घेतली आणि बऱ्याच सुरमया घालवल्या. आता पावसाळी मासेमारीबंदीमुळे ३१ जुलैपर्यंत होडी वर काढलेली आहे, तेवढ्यात तिला नीट सजवायची असं ठरलंय.

बजेट दीड लाख, इंजिन सोडून. माझ्या डोक्यातली यादी अशी: ९ इंची स्क्रीनचा फिशफाइंडर (ध्वनीने तळ आणि मासे दाखवणारा) आणि प्लॉटर (जीपीएसचा नकाशा) एकत्र, त्याला १ किलोवॅटचा ट्रान्सड्यूसर (पाण्यात ध्वनी सोडणारा भाग; होडीला भोक पाडायचं नाही, म्हणून आतून तळाला चिकटवायचा), दोन्ही बाजूंना आउटरिगर (दोऱ्या बाहेर फाकवणारे दांडे), एक डाउनरिगर (वजनाने गळ खोल नेणारा), चार रॉड होल्डर. यातून पैसे उरले तर हातातला वायरलेस. बॅटरी इंजिनाची आहेच.

कुठे चुकतोय?

खवचट_खेकडा
या संस्थळावर ट्रोलिंगसाठी वेगळं काही बसवावं लागत नाही. आम्ही आधीच बसलेलो आहोत.

नुसता_वाचक
ट्रॉलरवाल्यांमुळेच मासे संपले असं ऐकतो आणि इथे लोक ट्रॉलिंगचा सल्ला मागतायत? एलईडीच्या मासेमारीलाही बंदी आहे ना?

तांडेल
मेल्या, ट्रॉलर वेगळो नि ह्या वेगळा. ट्रॉलर जाळा ओढता, तळ खरवडून काढता. हेंच्या होडयेमागे चार गरी आसतले. एका गरीक एकच मासो. एलईडीचो हेच्याशी काय संबंध नाय.

नुसता_वाचक
ओह. 'ट्रॉ' आणि 'ट्रो'मध्ये गल्लत झाली. शब्द मागे घेतो.

आज्जीचा_ठेचा
रुमाल टाकून ठेवते. सुरमई आली की कळवा.

कनाद_दोहा
दर्यावेडा, मी दोह्यात ११ वर्षं आहे. इथे सुरमईला कनाद म्हणतात आणि थंडीत दर शुक्रवारी तिच्यामागे असतो. तुमच्या यादीवर सरळ बोलतो, राग मानू नका.

आउटरिगर काढून टाका. २४ फुटी होडीवर दोन, फार तर तीन रॉड पुरतात. दोन मागच्या कोपऱ्यांत आणि तिसरा मधे, दूरवर सोडलेला. प्रत्येकाचं अंतर वेगळं ठेवलंत की वळताना गुंता होत नाही. वळायचंही मोठ्या चकरीनं. झटक्यात वळलात की आतल्या बाजूचं आमिष थांबून बुडतं, बाहेरचं पळायला लागतं आणि दोन्ही दोऱ्या एकमेकींना मिठी मारतात. पाच गळ ओढायचा मोह सगळ्यांना होतो, पहिल्या गुंत्यानंतर जातो.

वेग: खोट्या आमिषाला ५ ते ७ नॉट, गळाला लावलेल्या खऱ्या माशाला ३ च्या आसपास. तुमच्या इंजिनाला रिकाम्या गतीच्या थोडं वर, एकसारखं ३ नॉट चालता येतं का ते आधी बघा. कित्येकांचं घोडं इथंच अडतं. वेग प्लॉटरवर जीपीएसचा दिसतो, तो जमिनीच्या हिशेबाने. पाण्याची ओढ समोरून २ नॉटची असेल तर स्क्रीनवर ५ दिसत असताना आमिष पाण्यात ७ ने पळत असतं. म्हणून आकड्यापेक्षा आमिष कसं हलतंय ते बघा.

तंगुसाच्या टोकाला तारेचा लीडर हवाच, हात-दीड हात. सुरमईचे दात म्हणजे कात्री. तुम्ही घालवलेल्या सुरमयांपैकी निम्म्या तिथंच गेल्या असतील. रीळचा ब्रेक तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर लावा आणि तो काट्याने मोजा, बोटाने अंदाज घेऊ नका.

रॉड होल्डर ३१६ स्टीलचे घ्या, स्क्रूने नको, आरपार बोल्टने बसवा आणि खालून जाड पट्टी द्या. आठ किलोचा कुपा खाली सूर मारतो तेव्हा नुसत्या स्क्रूवरचा होल्डर फायबरचा तुकडा घेऊन जातो. रॉडही जातो. रीळही जातं. मी पाहिलंय. (माझंच होतं.)

डाउनरिगर पहिलं वर्षभर तरी नका घेऊ. दुपारी मासा खाली बसला की बरा पडतो, पण आधी खोल जाणारे लूर (खोटी आमिषं) वापरून बघा.

शिसंकथील
कनादभाऊंनी मासेमारीचं सांगितलं, मी तारांचं सांगते. मी ठाण्याला इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे, मासे फक्त ताटात ओळखते. पण मामाच्या हर्णैच्या होडीची वायरिंग दोनदा केली आहे.

पहिला प्रश्न: होडी पूर्ण फायबरची आहे की लाकडावर फायबर चढवलेली? ट्रान्सड्यूसर आतून चिकटवायचा तर खालचा थर निव्वळ, भरीव फायबरचा लागतो. मधे लाकूड, प्लायवूड किंवा फोम असेल तर ध्वनी तिथेच मरतो. एपॉक्सीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी तेच. आणि भरीव फायबरमधूनही थोडी ताकद जातेच.

चिकटवायच्या आधी चाचणी करा. होडी पाण्यात असताना प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी भरून तिच्यात ट्रान्सड्यूसर ठेवा, पिशवी आतून तळाला दाबा. मग तोच ट्रान्सड्यूसर बाहेर पाण्यात बुडवून धरा. दोन्ही चित्रं सारखी आली तर जागा चांगली.

दुसरं, १ किलोवॅट कशाला? तुम्ही किती पाण्यात जाता?

दर्यावेडा_पुणे
भाऊ म्हणतो जास्तीत जास्त वीस वाव. होडी फायबरची आहे एवढंच माहीत, आत काय आहे ते विचारतो.

शिसंकथील
एक वाव म्हणजे सहा फूट धरला तर वीस वाव म्हणजे ३६-३७ मीटर. त्याला १ किलोवॅट म्हणजे देवघरात हॅलोजन. साधा ५००-६०० वॅटचा, २०० किलोहर्ट्झचा ट्रान्सड्यूसर भरपूर झाला. ५० किलोहर्ट्झचा झोत खोल जातो आणि रुंद असतो, पण बारकावे पुसट दिसतात. तो शेकडो मीटर पाण्यासाठी. चर्प (एका ठोक्यात अनेक फ्रिक्वेन्सी सोडणारा) मिळत असेल तर उत्तम, जवळजवळचे मासे सुटे दिसतात.

आता गंमत बघा. २० अंशांचा झोत धरला तर ३० मीटर पाण्यात तळावर साडेदहा मीटर व्यासाचं वर्तुळ दिसतं. ६ नॉट म्हणजे सेकंदाला ३ मीटर. साडेतीन सेकंदांत तुम्ही त्या वर्तुळावरून गेलेले असता. स्क्रीनवर कमान दिसली म्हणून "सुरमई सुरमई" ओरडेपर्यंत ती मागे गेली.

कनाद_दोहा
+१. शिवाय सुरमई पुष्कळदा वरच्या पाण्यातच असते, झोत वरती जेमतेम हातभर रुंद. ट्रोलिंगला फिशफाइंडर सुरमई शोधायला नसतोच. तारलीचा थवा कुठे आहे, खडप (पाण्याखालचा खडक) कुठे संपतं, तळ कुठे एकदम उतरतो, हे शोधायला असतो. थवा दिसला की प्लॉटरवर खूण करायची आणि त्याच्या कडेकडेने फिरायचं. मधून होडी घातली की थवा फुटतो.

तांडेल
ह्या बरोबर बोललो.

माझ्या बापाशीन कधी यंत्र बघूक नाय. किनाऱ्यावरचा देऊळ डोंगराच्या कोनाक लागला, नि दुसऱ्या बाजूक दीपगृह माडांच्या रांगेत इला, की थंय गळ सोडूचो. दोन रेषा जुळल्यो की जागो. आजव माका त्यो जागो रातच्याक सापडतत.

नुसता_वाचक
तांडेलकाका, रात्री डोंगर कसा दिसतो?

तांडेल
दिसना नाय. म्हणान तर जीपीएस घेतलो. पंधरा वर्सां झाली.

बरं, पुण्यावाल्यांना कळावं म्हणून पुढचं साध्या मराठीत लिहितो. पहिल्या वर्षी मी बापाच्या सगळ्या खुणांवर जाऊन बटण दाबलं आणि ते आकडे वहीत लिहून ठेवले. यंत्र बिघडतं, वही बिघडत नाही. दर्यावेडा, भावाला सांगा, खुणा वहीत उतरव. आणि नकाशावर भरवसा टाकू नका. आमच्याकडे एक खडप आहे, ओहोटीला फेस येतो तिथे, ते माझ्या प्लॉटरच्या नकाशात नाही. यंत्रात खडप नाय म्हणान दर्यात खडप नाय, असा नसता.

खवचट_खेकडा
गुगल मॅपने मला एकदा विहिरीपाशी नेलं होतं, त्यामुळे काकांना अनुमोदन.

मीनाक्षी_रत्नागिरी
सगळा धागा वाचला. माश्यांवर बोलून झालं असेल तर मी माणसांवर बोलते.

"पैसे उरले तर वायरलेस" हे वाक्य वाचून माझं डोकं फिरलं. पैसे उरत नाहीत. आधी वायरलेस, मग बॅटरी, मग बाकीचा थाट.

माझा भाऊ तीन वर्षांपूर्वी असाच दोघांना घेऊन गेला. किनाऱ्यापासून ८ नॉटिकल मैलांवर इंजिन बंद. मोबाइलला रेंज नाही. हातातला वायरलेस होता, तो ओरडून ओरडून थकला, कुणालाच ऐकू गेलं नाही. दुपारी दोनपासून रात्री नऊपर्यंत वाहत गेले. शेवटी जाळ्यावरून परतणाऱ्या होडीला टॉर्च दिसला. घरी आम्ही काय अवस्थेत होतो ते लिहीत नाही.

होडीवर पक्का बसवलेला २५ वॅटचा व्हीएचएफ (समुद्रावरचा वायरलेस) घ्या, अँटेना छपराच्या वर, जितकी उंच जमेल तितकी. चॅनल १६ (संकटाच्या हाकेचा) कायम चालू. तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३, हे दोन्ही छपराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा. मोबाइलमध्ये सेव्ह केलेत तर मोबाइल भिजल्यावर काय वाचणार?

आणि इंजिनाची किल कॉर्ड (ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी) मनगटाला बांधा. होडी चालू, सगळ्यांचं लक्ष मागे, आणि सुकाणूवरचा माणूस सुरमई बघायला उठतो. तो पडला तर होडी थांबत नाही.

शिसंकथील
मीनाक्षीताई, पूर्ण अनुमोदन. त्या दिवशी घोटाळा वॅटपेक्षा उंचीचा असणार. व्हीएचएफ साधारण सरळ रेषेत जातो. अँटेनाच्या उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ काढून त्याला सव्वादोनने गुणा, तेवढे नॉटिकल मैल तिचं क्षितिज. दोन्ही टोकांची बेरीज करायची. होडीत बसून हातात धरलेला सेट दीड मीटरवर असतो, म्हणजे पावणेतीन मैल. समोरही तसाच असेल तर साडेपाच. छपरावर ४ मीटरवर अँटेना नेली आणि समोरची होडीही तशीच असेल तर ९. किनाऱ्यावर १०० मीटर उंच मनोरा असेल तर २७ पर्यंत.

अँटेना ९ डीबीची घेऊ नका, ३ किंवा ६ ची घ्या. जास्त डीबी म्हणजे झोत चपटा, आणि लहान होडी डोलते. एकदा आवाज आभाळात, एकदा पाण्यात.

दर्यावेडा_पुणे
मीनाक्षीताई, कान धरले. यादी उलटी करतो. पण व्हीएचएफला परवाना लागतो ना? आणि मित्र अमेरिकेहून येतोय, तो उपग्रहावरून मेसेज पाठवणारं छोटं यंत्र आणू म्हणतो. परवान्याची भानगडच नको.

तांडेल
ते यंत्र आणू नका!! आपल्याकडे परवानगीशिवाय उपग्रह फोन किंवा तसलं यंत्र जवळ बाळगणं गुन्हा आहे. २६/११ नंतर तर समुद्रावर कुणाला दयामाया नाही. विमानतळावर परदेशी पाहुणे पकडले गेलेत, तुम्ही तर होडीवाले.

व्हीएचएफला परवाना लागतो, दूरसंचार खात्याची वायरलेस शाखा देते. कागद गोळा करायला वेळ लागतो, म्हणून आत्ताच सुरू करा. डीएससीवाला (बटणाने संकटाचा संदेश पाठवणारा) सेट घेतलात तर एमएमएसआय नंबरही (होडीची वायरलेसवरची ओळख) घ्या. नऊ आकडी असतो, आपल्या देशाचा ४१९ ने सुरू होतो. तो सेटमध्ये भरला आणि सेटला जीपीएस जोडला, की लाल बटण दाबल्यावर तुमची जागा आपोआप जाते. नंबर न भरता लाल बटण म्हणजे नुसती शोभा.

भावाची होडी मासेमारीसाठी नोंदलेली असेल तर मत्स्यव्यवसाय खात्यात ट्रान्सपाँडरची चौकशी करा. इस्रोच्या तंत्रज्ञानावरचा आहे, १ लाख होड्यांना फुकट द्यायची योजना आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला सुरुवात झाली. मोबाइलवर ॲप घ्यायचं, ब्लूटूथने जोडायचं, रेंज नसताना दोन्हीकडून मेसेज जातो आणि संकटाचं बटणही आहे. तुमचा मित्र अमेरिकेहून जे आणणार ते इथे कायद्याने, फुकट.

खवचट_खेकडा
मित्राला सांगा बदाम आण.

आज्जीचा_ठेचा
जरा विषयांतर. बाजारात सुरमई म्हणून तुकडे देतात, ते खरंच सुरमईचे असतात का? मागच्या महिन्यात आणले ते काळपट आणि वातड निघाले.

तांडेल
कुपो दिलो तुमका.

आज्जीचा_ठेचा
😡 बाराशेला?

मीनाक्षी_रत्नागिरी
ताई, तुकडे घ्यायचेच नाहीत. अख्खी बघायची, डोळे आणि कल्ले बघायचे, मग समोर कापून घ्यायची. चला, परत होडीवर.

शिसंकथील
परत होडीवर आलो आहोत तर बॅटरी. "इंजिनाची आहेच" हे चालणार नाही. स्टार्टर फिरला की व्होल्टेज खाली बसतं आणि प्लॉटर रीस्टार्ट होतो. दर वेळी. आणि दिवसभर उपकरणं चालवून बॅटरी बसली की इंजिन सुरू होत नाही. दोन बॅटऱ्या, मधे स्विच. प्लॉटर, वायरलेस ऐकण्यावर, दिवा, मिळून ३ अँपिअर धरा. आठ तासांचे २४ अँपिअर-तास. शिसं-आम्लाची बॅटरी निम्म्याच्या खाली नेऊ नये, म्हणजे ५० किमान, ८० ची घ्या.

वायर हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. बॅटरी मागे, प्लॉटर पुढे, अंतर ६ मीटर, जाऊन येऊन १२. वायरलेसवर बोलताना सगळं मिळून ८ अँपिअर जातात. घरगुती अडीच चौरस मि.मी. वायर वापरलीत तर वाटेत ०.६६ व्होल्ट खाल्ले जातात, बारावर साडेपाच टक्के. ६ चौरस मि.मी. घेतलीत तर पाव व्होल्टाच्या आसपास. नेमकं बोलायच्या वेळी वायरलेस मरतो तो यामुळे. तांब्याची कल्हई केलेली वायर घ्या. साधं तांबं खाऱ्या हवेत आतल्या आत काळं पडत जातं. मामाच्या होडीची वायर सोलली तर हातभर आतपर्यंत काळी होती. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, प्लॉटरपाशी नव्हे. फ्यूज वायरीला वाचवायला असतो.

स्वस्त एलईडी पट्ट्या लावणार असाल तर एक करून बघा: वायरलेसचा स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) अगदी खरखर थांबेपर्यंत फिरवा, मग दिवे लावा. खरखर परत आली तर ते दिवे काढून टाका. भोंगा किंवा स्पीकर होकायंत्रापासून मीटरभर लांब.

दर्यावेडा_पुणे
(ऑगस्टचा दुसरा आठवडा)
नारळ पडला, होडी पाण्यात. पिशवीची चाचणी केली. कण्याजवळ (तळाच्या मधल्या रेषेवर) चित्र बाहेरच्या इतकंच स्वच्छ. हातभर बाजूला सरकलो तर काहीच नाही, कोरी स्क्रीन. भावाने टिचकी मारून दाखवलं, आवाजच वेगळा. तिथे फायबरच्या आत प्लाय आहे. मी ठरवलेली चिकटवायची जागा नेमकी तीच होती! शिसंकथील, तुमचे हजारो रुपये लागू.

पण कण्यापाशी पाणी साठतं आणि तिथे भाऊ पाय ठेवतो. त्यामुळे शेवटी मागच्या फळीवर बाहेरून बसवायचं ठरलं. जागा कुठली?

कनाद_दोहा
उजवी बाजू, इंजिनाचा पंखा मागून बघता घड्याळाच्या दिशेने फिरणारा असेल तर. त्या बाजूला पाती खाली जातात, फेस कमी. पंख्यापासून निदान ३८ सेंटिमीटर लांब. तळाला उभ्या पट्ट्या असतील तर त्यांच्या रेषेत नको, पट्टीमागून बुडबुड्यांची रांग येते. ट्रान्सड्यूसरचा तळ होडीच्या तळाच्या किंचित खाली, मागची बाजू थोडी झुकलेली.

आणि भोकं थेट फळीत पाडू नका. आधी जाड प्लॅस्टिकची पाटी फळीवर बसवा, ट्रान्सड्यूसर त्या पाटीवर. मग हलवायचा झाला तर भोकं पाटीलाच पडतात, होडीला नाहीत. पहिल्या फटक्यात जागा बरोबर येत नाही, कुणाचीच.

दर्यावेडा_पुणे
(ऑक्टोबर)
उशिरा लिहितोय, माफी.

शेवटी घेतलं ते: पक्का व्हीएचएफ (परवान्याची फाइल पुढे सरकतेय, तोवर डब्यातच), ७ इंची फिशफाइंडर-प्लॉटर, ८० ची दुसरी बॅटरी, ६ चौरसची वायर, दोन रॉड होल्डर. आउटरिगर, डाउनरिगर रद्द. खोली मीटरऐवजी वावात दाखवायची सोय यंत्रात निघाली, त्यावर भाऊ सगळ्यात खूश. ट्रान्सपाँडरसाठी नाव दिलंय.

पहिल्या फेरीत ४ नॉटला चित्र झकास, ८ च्या वर तळ गायब. ट्रान्सड्यूसर ५ मि.मी. खाली घेतला तर १० पर्यंत टिकला. आणखी ३ खाली घेतला तर पाण्याचा फवारा थेट भावाच्या पाठीवर. परत ३ वर. आता १० नॉटपर्यंत तळ दिसतो, त्याच्यावर जायची आम्हाला गरजही नाही.

सुरमया तीन, दोन फेऱ्यांत. तिन्ही तारेच्या लीडरवर. एक कुपा सुटला, होल्डर जागेवर राहिला.

कनाद_दोहा
फवारा म्हणजे कोन जास्त झुकलाय. मागची बाजू एक-दोन अंश उचला, मग ते ३ मि.मी. परत मिळतील.

मीनाक्षी_रत्नागिरी
किल कॉर्ड?

दर्यावेडा_पुणे
बांधतो ताई. भाऊ कुरकुरतो, पण बांधतो. नंबरही लिहिलेत, लाल रंगाने.

नुसता_वाचक
पाटी कुठे मिळाली? मला घरी टाकीच्या फ्लोटसाठी तसलीच जाड प्लॅस्टिकची हवी आहे.

दर्यावेडा_पुणे
काकूचा भाजी चिरायचा पांढरा पाट. तिला अजून वाटतंय तो आम्ही मासे कापायला होडीवर नेलाय.